गाठीत बांधलेले फूल : संगणकाच्या आज्ञावलीतील विस्मय



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर संगणकाच्या प्रोग्रॅमसारखा विषय मांडला जावा, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. व्यापारी समाजाच्या दृष्टीने संगणक म्हणजे बिल काढण्याचे, जीएसटीचे विवरण भरण्याचे आणि वर्षाअखेरीस ताळेबंद छापून देणारे यंत्र. त्यात निर्मितीचा आनंद कोठून येणार? चित्रकार चित्र काढतो, कवी काव्य रचतो, शिल्पकार पाषाणातून मूर्ती साकारतो. संगणकासमोर बसलेला तरुण मात्र केवळ कळा दाबताना दिसतो. घरातील मुलगा किंवा सून पुण्यास अथवा बंगळुरास प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामावर लागली, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पॅकेज किती?’ तिने तेथे काय घडविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कारण तेथे काही घडविले जाते, हेच मुळी कोणाच्या ध्यानात आलेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विदेशात जाण्याचे कारण नाही. ते याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हिमरूच्या मागावर कित्येक शतके विणले जात होते.

परंपरा असे सांगते, की महंमद तुघलकाने 1327 मध्ये आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, तेव्हा अनेक कारागीर या भागात आले आणि येथेच स्थिरावले. त्यांच्या विणकामातून हिमरूची कला बहरली असे मानले जाते. सुती ताणा, रेशमी बाणा आणि नक्षीसाठी वेगळा जादा बाणा, अशी या वस्त्राची घडण. शुद्ध रेशीम आणि जरीचे किनखाब राजदरबाराचे; हिमरू त्याच तोलामोलाचे दिसावे, पण किमतीस परवडावे, असे वस्त्र. शाल उलटी करून पाहिली, तर नक्षीच्या धाग्यांचा सुटा थर पाठीमागे दिसतो. तिच्या उबेचे रहस्य त्यातच आहे. गिऱ्हाईक शाल सुलट बाजूने पाहते आणि जाणकार ती उलटून पाहतो, हा कापडबाजारातील जुना अनुभव येथेही खरा ठरतो.

प्रश्न असा, की त्या वस्त्रावरील फूल येते कोठून? मागावर बसलेला विणकर ते मनात आणून विणीत नसे. फूल आधीच कोणीतरी तयार करून ठेवलेले असे, आणि तेही वस्त्रावर नव्हे. नक्षीकार प्रथम आकृती चौकटींच्या जाळीवर उतरवी. प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा यांची भेट. त्या भेटीत ताणा वर राहील की खाली, एवढाच निर्णय. वर किंवा खाली, तिसरा पर्याय नाही. मग हे सर्व निर्णय तो दोरीच्या जाळ्यात बांधीत असे. त्यालाच कारागीर ‘जाला’ म्हणत. बाण्याच्या कोणत्या फेरीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हे त्या दोऱ्यांच्या बांधणीत साठविलेले असे. विणताना एक मदतनीस क्रमाने एकेक दोरी ओढी. नेमके धागे वर उचलले जात आणि खालचा विणकर धोटा फेकी. शंभर फेऱ्या झाल्या की एक फूल पूर्ण होई, आणि पुन्हा पहिल्या दोरीपासून प्रारंभ केला, की तेच फूल पुन्हा उमले.

या व्यवस्थेतील नवल क्षणभर थांबून पाहण्याजोगे आहे. दोरी ओढणाऱ्यास फुलाची आकृती ठाऊक असण्याची आवश्यकता नव्हती. जाला बांधणाऱ्याने कदाचित कधी धोटा हाती धरलाही नसेल. आणि जाल्याकडे पाहून कोणास फूल दिसणे तर अशक्यच. तेथे दिसत फक्त दोऱ्या आणि गाठी. तरीही फूल तेथेच होते. रंग नाही, रेशीम नाही, आकार नाही, अशा अवस्थेत ते गाठींमध्ये वस्तीला होते. बाण्याचा रंग बदलला तर तेच फूल निळे होई वा केशरी होई. जाला मात्र तोच. संगणकाचा प्रोग्रॅम, ज्याला मराठीत आज्ञावली म्हणतात, तो याहून वेगळा नाही. आज्ञावली लिहिणारा वस्तू घडवीत नाही, तर वस्तू घडण्याचा क्रम बांधून ठेवतो.

हे साम्य केवळ उपमेपुरते नाही. त्यामागे इतिहास आहे. फ्रान्समधील लियों हे रेशमी वस्त्रांचे मोठे केंद्र. तेथेही नक्षीच्या मागावर दोऱ्या ओढण्यासाठी माणूस लागे. जोझेफ मारी जॅकार्ड याने 1804 च्या सुमारास त्या माणसाच्या जागी जाड कागदाच्या छिद्रे पाडलेल्या पट्ट्या बसविल्या. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरे आणि धागा उचलला जाई. छिद्र नसेल तेथे धागा जागीच राही. विणकरांनी या यंत्रास कडाडून विरोध केला, आणि तो सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही, कारण त्यातून काहींची भाकरी खरोखरच गेली. 1839 मध्ये लियोंत स्वतः जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले. त्यासाठी सुमारे 24,000 पट्ट्या लागल्या. इंग्लंडचे गणिती चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत आपल्या घरी लावली होती, आणि पाहुणे ते छापील चित्रच समजत.

बॅबेज यांनी त्याच पट्ट्या आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी योजिल्या. ते यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. परंतु 1843 मध्ये एडा लव्हलेस या अवघ्या 27 वर्षांच्या विदुषीने त्या यंत्रावर विस्तृत टिपणे लिहिली. ती कवी बायरन याची कन्या. जॅकार्डचा माग जसा फुले-पाने विणतो, तसे हे यंत्र बीजगणिताच्या आकृती विणील, असे तिने लिहिले. स्वरांमधील संबंध नियमांत मांडता आले, तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, असेही तिने सुचविले. यंत्र अस्तित्वात नव्हते आणि त्याची आज्ञावली मात्र कागदावर तयार होती. जगातील पहिल्या आज्ञावल्यांत तिची गणना होते. म्हणजे या विद्येचा प्रारंभच मुळी कापडाच्या मागापासून झाला. कापड व्यापाऱ्यांच्या समाजाने एवढा अभिमान बाळगण्यास हरकत नसावी.

आता या निर्मितीचा विशेष कोणता, ते पाहू. पेढीवरील मालक मुनीमजींना सांगतो, ‘तेवढे पाहून घ्या.’ मुनीमजी पाहून घेतात. कारण त्यांना पेढीचा रिवाज ठाऊक असतो, मालकाचा स्वभाव ठाऊक असतो, आणि जे सांगितले नाही तेही ते समजून घेतात. आज्ञावली लिहिणाऱ्यास अशी सवलत नाही. जे सांगितले तेच होते, आणि न सांगितलेले काहीही होत नाही. जाल्यातील एक गाठ चुकली तर ती चूक एका फुलापुरती राहत नाही. ठाणभर प्रत्येक फुलात तीच पाकळी वाकडी येते. त्यामुळे लिहिणाऱ्यास आपला विचार अखेरच्या गाठीपर्यंत उलगडावा लागतो. पुष्कळदा तेव्हाच त्याच्या ध्यानात येते, की जे आपणास समजले आहे असे वाटत होते, ते समजलेलेच नव्हते. मग तो दोष शोधतो, दुरुस्त करतो आणि पुन्हा चालवून पाहतो. ज्या क्षणी सर्व गाठी जुळतात, त्या क्षणी केवळ अक्षरांत असलेली गोष्ट हालचाल करू लागते. कवीचा शब्द वाचकाच्या मनात उमटतो; येथे शब्द स्वतःच कृती होतो. लिहिणाऱ्याचा विस्मय तो हाच.

त्याहूनही सूक्ष्म असा दुसरा विस्मय आहे. नियम आपणच केलेला असतो, आणि तरीही त्यातून काय निघेल हे आपणास ठाऊक नसते. देवळाली येथील शाळेत गणित शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (1905-1986) यांनी 1949 मध्ये असाच एक नियम शोधला. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक एकच नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. आपल्या शहराच्या इतिहासातील 1327 हेच वर्ष घेऊ. 7321 मधून 1237 गेले, राहिले 6084. 8640 मधून 0468 गेले, राहिले 8172. 8721 मधून 1278 गेले, 7443. 7443 मधून 3447 गेले, 3996. 9963 मधून 3699 गेले, 6264. 6642 मधून 2466 गेले, 4176. आणि 7641 मधून 1467 गेले, की येते 6174. पुढे कितीही वेळा करा, 6174 च राहते. प्रारंभीची संख्या कोणतीही असो, फार तर सात पायऱ्यांत येथेच यावे लागते. उपस्थितांनी आपले जन्मवर्ष घेऊन घरी हा प्रयोग जरूर करावा. कापरेकरांपाशी संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे वेड एवढेच होते. परंतु त्यांनी जे केले ते आज्ञालेखनच होय. थोडकी वाक्ये, पुन्हा पुन्हा तीच कृती, आणि शेवटी असे काही, जे त्या वाक्यांत कोठेही दिसत नव्हते.

अमेरिकेतील ख्यातनाम संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी 1968 पासून या विद्येवर बहुखंडी ग्रंथ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि त्याच्या नावातच तिला ‘कला’ म्हटले. 1974 मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी व्याख्यानासाठी विषयही हाच निवडला. या सभेच्या दृष्टीने विशेष म्हणजे, फिबोनाची यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 1, 2, 3, 5, 8, 13 या संख्यामालेचा इतिहास देताना त्यांनी आपल्या ग्रंथात गोपाल आणि आचार्य हेमचंद्र यांचा उल्लेख केला आहे. हेमचंद्रांपुढील प्रश्न छंदशास्त्राचा होता. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, तर ठरावीक मात्रांच्या चरणाची किती रूपे होतील? शेवटचे अक्षर लघू असेल तर एक मात्रा कमी असलेल्या चरणाची सर्व रूपे, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेल्या चरणाची. दोहोंची बेरीज म्हणजे उत्तर. मोठा प्रश्न त्याच प्रश्नाच्या लहान रूपात सोडविण्याची ही रीत आज अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोग्रॅमिंगच्या प्रारंभीच्या धड्यांत शिकवितात. फिबोनाची यांचा ग्रंथ 1202 चा. हेमचंद्र त्यापूर्वी सुमारे अर्धशतक.

भारतात रचना करून बांधलेला पहिला मोठा संगणकही महाराष्ट्रातच, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभा राहिला. रंगास्वामी नरसिंहन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे प्रायोगिक यंत्र 1956 मध्ये चालविले आणि पूर्ण यंत्र 1960 मध्ये सुरू झाले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या आणि स्मरणात जेमतेम 2,048 शब्द मावत. पंडित नेहरूंनी 1962 मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यावरील आज्ञावल्या कागदी फितीवर छिद्रे पाडून दिल्या जात. पुन्हा छिद्रेच, लियोंची आठवण करून देणारी.

या सर्वांपेक्षा आपल्या रोजच्या व्यवहाराच्या जवळची निर्मिती म्हणजे संगणकावर उमटणारे देवनागरी अक्षर होय. मोबाइलवर ‘आर्थिक’ हा शब्द लिहिताना त्यामागे काय घडते, याचा विचार क्वचितच कोणी करतो. या शब्दातील मधले अक्षर उच्चारून पाहावे. प्रथम र्, मग थ्, शेवटी इ. आता ते लिहून पाहावे. प्रथम पहिली वेलांटी, मग थ, आणि सर्वांत शेवटी डोक्यावर रफार. म्हणजे मुखातील क्रम आणि कागदावरील क्रम अगदी उलट! इंग्रजीत अक्षरापुढे अक्षर ठेवीत गेले, की शब्द होतो. देवनागरीचे तसे नाही. छापखान्यात खिळे जुळविले जात, तेव्हा जुळाऱ्याला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा आणि रफार यांचे शेकडो खिळे वेगवेगळ्या घरांत सांभाळावे लागत. ही सारी कसरत संगणकाला शिकवायची कशी?

ज्यांनी हे काम केले, त्यांची दृष्टी विलक्षण होती. कानपूरच्या आयआयटीत याचा पाया घातला गेला. मोहन तांबे हे त्या कामातील प्रमुखांपैकी एक. पुढे 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेतून ते तंत्र ‘जिस्ट’ या नावाने देशभर पोहोचले. त्यातील मर्म असे, की संगणकाने शब्द साठवायचा तो मुखातील क्रमाने आणि दाखवायचा तो लेखणीच्या क्रमाने. दोहोंमधील अंतर नियमांनी भरून काढायचे. वर्णमालेची उच्चारानुसार झालेली शास्त्रशुद्ध मांडणी हाच या नियमांचा आधार. म्हणून मराठी, कन्नड, गुजराती, बंगाली या लिप्या डोळ्यांना भिन्न दिसल्या, तरी संगणकाच्या पोटात त्यांची व्यवस्था एकाच सूत्रात बसविता आली. 1988 आणि 1991 मध्ये या संकेतांची राष्ट्रीय प्रमाणे निघाली आणि जगभर चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरी त्यातील 1988 च्या प्रमाणावर आधारलेली आहे. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी ‘मंगल’ हा टंक घडविला आणि तो विंडोज 2000 पासून असंख्य संगणकांवर पोहोचला. रोज त्यांची अक्षरे वाचणाऱ्यांपैकी किती जणांस त्यांचे नाव ठाऊक असेल? जाला बांधणाऱ्याचे नाव तरी कोणास ठाऊक होते!

आणि येथेच एक चिंतेची बाब सांगणे प्राप्त आहे. हिमरूचे जाला पद्धतीचे माग आता जवळपास दिसेनासे झाले आहेत. वस्त्र जुने झाले तरी संग्रहालयात ठेवता येते. दोऱ्यांचे जाळे मात्र कोणी जपत नाही. ते सुटले, की नक्षी घडविण्याची रीतच नाहीशी होते. मराठी मजकुराच्या बाबतीतही असेच काही घडत आहे. 1990 नंतरच्या काळात अनेक स्मरणिका, नियतकालिके आणि संस्थांचे अहवाल निरनिराळ्या फॉन्टमध्ये जुळविले गेले. प्रत्येकाची संकेतव्यवस्था निराळी. छापील प्रत हाती आहे तोवर ठीक. परंतु संगणकातील मूळ मजकूर आजच्या यंत्रावर उघडला, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. शब्द तेथेच आहेत, पण त्यांना बाहेर आणणारा दुवा तुटला आहे.

आज महाविद्यालयात शिकणारी मुले आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. 2021 नंतर साध्या भाषेत सांगितले असता स्वतःच आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आली. मग ही विद्या शिकावी कशासाठी? एडा लव्हलेस हिने यंत्र स्वतः होऊन काही नवे निर्माण करीत नाही, आपण सांगू तेवढेच करते, असे लिहून ठेवले होते. 1950 मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी त्यास उत्तर दिले, की यंत्रे आपणास वारंवार आश्चर्याचा धक्का देतात. वाद अद्याप मिटलेला नाही. नोकऱ्यांचे काय होईल, याविषयी आज ठामपणे बोलणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. दोरी ओढणाऱ्याचे काम गेले, हे इतिहासाने दाखविलेच आहे. मात्र पट्टीवर छिद्र कोठे पाडायचे, हे जॅकार्डनंतरही कोणालातरी ठरवावे लागत होते, आणि चुकलेली पाकळी ओळखण्यासाठी फूल कसे असते हे ठाऊक असावे लागत होते. ज्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने पन्नास ओळी लिहून, त्या फसलेल्या पाहून आणि रात्री उशिरा त्या चालू झालेल्या पाहून आनंद घेतला आहे, त्याला यंत्राने लिहून दिलेल्या ओळी तपासता येतील. इतरांना त्या मानाव्या लागतील.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक विनंती ठेवण्यात येत आहे. समाजातील अनेक संस्थांपाशी जुन्या फॉन्टमधील स्मरणिकांचे आणि कुटुंबपरिचयांचे मजकूर पडून आहेत. ते युनिकोडमध्ये आणण्याचे काम समाजातील दहा-बारा विद्यार्थ्यांकडे सोपवावे. त्यासाठी तयार साधने मिळतात. तरीही मुलांनी एक छोटी आज्ञावली प्रथम स्वतः लिहून पाहावी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असते. ती उचलून अक्षराच्या पुढे न्यावी लागेल, आणि ‘स्थिती’ सारख्या शब्दात संपूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागेल. रफाराचे नेमके उलट. त्याला मागे आणावे लागेल. पहिल्या संध्याकाळी निम्मे शब्द चुकतील. दुसऱ्या संध्याकाळी ‘आर्थिक’ बरोबर येईल आणि ‘कीर्ती’ चुकेल. एखाद्या आठवड्याने पडद्यावर कोणाच्या तरी आजोबांचे नाव, गावासह, स्वच्छ देवनागरीत उमटेल. त्या वेळी त्यांच्या घरच्या मंडळींना अवश्य बोलावून घ्यावे.

जय जिनेंद्र.